शब्दवेध : मारान था

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी (16:22) पौलाने ग्रीक मजकुरात एक अरामी आरोळी तशीच ठेवली. ती आरोळी म्हणजे : मारान था. 'मार' म्हणजे धनी, प्रभू. केरळच्या 'मार थोमा'तला 'मार' तोच. 'आन' म्हणजे आमचा, 'था' म्हणजे ये. मराठी कानाला त्यात 'नाथ' ऐकू येतो, पण संस्कृत नाथाशी त्याचं नातं नाही. जुन्या हस्तलिखितांत शब्द सुटे लिहीत नसत. म्हणून 'मारान अथा' अशीही फोड होते, आणि अर्थ निघतो : आमचा प्रभू आला आहे. मला ही दुहेरी फोड फार मोलाची वाटते. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात मंडळी ही दोन्ही येणी मनात धरते, बेथलेहेमातलं आणि पुढचं.

गेवराई तालुक्यातली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत ऊसतोडीला परजिल्ह्यांत फडावर असतात. मागे राहिलेल्यांना वाट पाहणं शिकवावं लागत नाही. तयारी मात्र त्याहून जास्त मागते. मत्तयाच्या 25व्या अध्यायातल्या दहा कुमारींपैकी पाच जणी तेलावाचून दाराबाहेर राहिल्या. प्रार्थना, पश्चात्ताप, तुटलेल्या भावकीशी समेट, भुकेल्याला घास : हे तेल आजच भरून ठेवा.