तंबूसोबत फिरणारी वीज : टुरिंग टॉकीजच्या इंजिनाची गोष्ट

१/ २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. चाकांवरचे घर, त्यातच बॅटरी आणि जनरेटर, ही कल्पना अनेकांना नवी वाटली. सोलापूर, सातारा, सांगलीच्या यात्रांना मात्र ती जुनीच आहे. ट्रकमध्ये राहणारी आणि स्वतःची वीज सोबत नेणारी माणसे या भागात अनेक दशके फिरली. ती टुरिंग टॉकीजची माणसे. #थ्रेड

२/ फिरत्या चित्रांचा खेळ विजेपूर्वीही होता. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर हलत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र दाखवले गेले आणि पुढे करमणुकीची भूक बदलली. मोठ्या पडद्याला साधा दिवा पुरेना.

३/ उत्तर मिळाले ते कार्बन आर्कमध्ये. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवून किंचित दूर केल्या की मधल्या फटीत प्रखर ज्योत पेटते. तिला सुमारे ५० व्होल्ट दाब आणि भरपूर प्रवाह लागतो. स्थिर प्रकाशासाठी हा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डी.सी., असावा लागतो. ज्या गावात विजेची तारच नाही, तेथे तो आणायचा कोठून?

४/ म्हणून तंबूबरोबर इंजिन आले. इंजिनाच्या चाकावरून पट्टा, पट्ट्यावर डायनामो, डायनामोपासून प्रोजेक्टरपर्यंत जाड तारा. ११० व्होल्टच्या डायनामोवर ५० व्होल्टची आर्क चालवायची तर उरलेला दाब रेझिस्टन्समध्ये जिरवावा लागे. म्हणजे निम्म्याहून अधिक वीज केवळ उष्णता होऊन जाई. तेलाचा खर्च त्याच हिशेबाने वाढे.

५/ कांड्या जळून झिजत. धन बाजूची कांडी अधिक वेगाने झिजते, म्हणून ती जाड घेत. फट वाढली की ज्योत विझे, कमी झाली की प्रकाश बिघडे. काळ्या काचेतून ज्योतीकडे पाहत ऑपरेटर सतत कांड्या पुढे सरकवी. प्रेक्षकांचे लक्ष नायकाकडे असे, ऑपरेटरचे त्या फटीकडे.

६/ १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. चित्रपट बोलू लागला आणि विजेची परीक्षा अधिक कठीण झाली. फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी एका लहान दिव्याच्या प्रकाशाने वाचली जाते. त्या दिव्याला ए.सी. वीज दिली तर कर्ण्यातून घरघर येते. त्यावर एक उपाय म्हणजे बॅटरी.

७/ दुसरी अडचण वेगाची. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकली पाहिजेत. चार ध्रुवांचा ए.सी. जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो तेव्हा ५० सायकलची वीज मिळते. प्रोजेक्टरची मोटर त्याच विजेवर असेल, तर इंजिन १४२५ फेऱ्यांवर घसरताच गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली उतरते. इंजिनाची धाप गायिकेच्या गळ्यात ऐकू येते.

८/ आणि इंजिन दमण्याची कारणे पुष्कळ होती. तंबूतले बल्ब, तिकीट खिडकीवरचा दिवा, जाहिरातीचा भोंगा, सगळ्यांची भिस्त त्याच यंत्रावर. म्हणून दिवे एकदम न लावता क्रमाने लावायचे, खेळ सुरू होण्यापूर्वी नको ते बंद करायचे. आज मोटरहोममध्ये राहणारा माणूस कोणते उपकरण केव्हा लावावे याचा जो विचार करतो, तोच हा विचार.

९/ देखभाल हा रोजचा नेम होता. डायनामोच्या कम्युटेटरवर काजळी बसली की ठिणग्या उडतात. तो बारीक काचकागदाने घासायचा, एमरीने नव्हे, कारण एमरीचे कण वीजवाहक असल्याने पट्ट्यांच्या फटीत अडकून शॉर्ट होण्याचा धोका. झिजलेले ब्रश बदलायचे, पट्ट्याचा ताण पाहायचा, हवेच्या फिल्टरमधली यात्रेची धूळ झटकायची.

१०/ बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायचे, विहिरीचे पाणी नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आम्लाची घनता १.२५ च्या वर असते, ती हायड्रोमीटरने मोजायची. खरा धोका पावसाळ्याचा. चार महिने तंबू गुंडाळलेला असे. तेवढ्या काळात उतरलेली बॅटरी तशीच पडली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही.

११/ मग पाऊस सरला की यात्रांचे पंचांग उघडे. कार्तिकीला पंढरपूर, संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, चैत्रात शिखर शिंगणापूर. एका यात्रेचे उत्पन्न मोजक्या रात्रींचे. ऐन गर्दीत इंजिन बंद पडले तर पैसे परत द्यावे लागत, आणि ती यात्रा पुन्हा वर्षानेच येई.

१२/ १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. देशी डिझेल इंजिने विहिरींवर खडखडू लागली, तसे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटू लागले. शेतीच्या पाण्याने तंबूच्या दिव्याला असा आधार दिला. पुढे प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवला गेला. त्याच ट्रकमध्ये रिळे, त्यातच अंथरूण.

१३/ २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि तारा हळूहळू गावांकडे निघाल्या. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगाने उपग्रहाद्वारे देशातील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवली. सोलापूरला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील गावेही त्यात होती. पडदा आता घराच्या दिशेने निघाला होता.

१४/ येथेच या इतिहासातला विरोधाभास आहे. टुरिंग टॉकीजच्या ऱ्हासाचा दोष सहसा टीव्ही आणि व्हिडिओला दिला जातो. परंतु टीव्ही चालायला घरात वीज लागते. जोवर गावात अंधार होता, तोवर वीज सोबत आणणाऱ्या तंबूला तोड नव्हती. ज्या प्रकाशाची ओढ तंबूने गावाला लावली, तोच प्रकाश मीटरच्या रूपाने दारात आला आणि तंबूची गरज संपत गेली.

१५/ चित्रपटाच्या इतिहासात निर्मात्यांची, नटांची नावे नोंदली गेली. ट्रकच्या मागे तेलकट हातांनी इंजिनाचा आवाज ऐकत बसलेल्या माणसाचे नाव बहुधा कोठेच नाही. पण पडद्यावरचा राजा बेसूर झाला नाही, तो त्याच्यामुळे.

#टुरिंगटॉकीज #सोलापूर #इतिहास