स्तनरोपण आणि काळाची साक्ष

१७९४ सालच्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्यें पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास एका देशी वैद्यानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें होतें. जें उणें झालें तें त्याच देहांतून भरून काढावें, हें त्या विद्येचें मर्म. स्तनाची पुनर्घटनाही प्रथम याच वाटेनें गेली. १८९५ सालीं जर्मनींत चेर्नी यानें एका स्त्रीच्याच अंगावरील मेदाची गांठ तिच्या स्तनाच्या जागीं बसविली.

१९६२ सालीं वाट बदलली. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें क्रोनिन व जेरो यांनीं सिलिकोनची पिशवी प्रथम बसविली. शरीर या द्रव्याची दखल घेत नाहीं, असा समज होता. तो खोटा ठरला. शरीर परक्या वस्तूभोंवतीं तंतुमय वेष्टण विणतें. कांहीं स्त्रियांत तें आवळत जाऊन स्तन कठीण व वेदनामय होतो. पिशवी कालांतरानें फाटते, आणि पुष्कळदां त्याची वार्ताही लागत नाहीं. १९९२ सालीं अमेरिकेनें या पिशव्यांवर कडक निर्बंध घातले. २००६ सालीं ते सैल केले. २०१० सालीं फ्रान्समधील एक कारखाना औद्योगिक सिलिकोन भरीत असल्याचें उघडकीस आलें. त्याच्या संस्थापकास २०१३ सालीं कारावासाची शिक्षा झाली. पुढें, खडबडीत पृष्ठाच्या पिशव्यांभोंवतीं क्वचित् एक लसिकाकर्करोग उद्भवतो, तोही बहुधा सात-दहा वर्षांनीं, असें निश्चित झालें. २०१९ सालीं अॅलर्गन कंपनीनें तशा पिशव्या जगभरांतून परत घेतल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं यशस्वी दिसलेल्या कामाचा खरा निकाल काळ देतो, हाच या इतिहासाचा बोध. नवी मुंबईंत खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची कर्करोगसंस्था उभी आहे. अशा संस्थांच्या उपचारांनीं बऱ्या होऊन दीर्घकाळ जगणाऱ्या स्त्रिया आज आपल्या घराघरांत आहेत. त्यांपैकीं कांहींनीं असें रोपण करविलें आहे. त्यांनीं भयभीत होण्याचें कारण नाहीं. त्रास नसतां पिशवी काढावी, असें वैद्यकशास्त्र सांगत नाहीं. परंतु पिशवीची जात व वर्ष सांगणारा कागद त्यांनीं जपावा, आणि वर्षांनंतर सूज वा गांठ आल्यास ती लज्जेनें लपवूं नये. उशिरां येणाऱ्या रोगास आपल्या घरांतील मौनासारखा दुसरा मित्र नाहीं.