एकाच जाजमावर : महिला मंडळे आणि त्यांतील मैत्री

कोणत्याही धार्मिक संस्थेचा इतिहास लिहिताना जमीन केव्हा मिळाली, पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, प्रतिष्ठेचा सोहळा कोणत्या तिथीला पार पडला आणि देणगीदार कोण होते, या गोष्टी आवर्जून नोंदविल्या जातात. तशा त्या नोंदविल्याच पाहिजेत. परंतु दुपारची झाकपाक उरकून, हातात स्तवनांची वही घेऊन उपाश्रयाच्या पायऱ्या चढणाऱ्या भगिनींची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सहसा आढळत नाही. त्या काय गायल्या, कशावर हसल्या, कोणाच्या अडचणीला कोण धावून गेली, हे सारे त्यांच्याबरोबरच विस्मरणात जाते. वास्तविक महाराष्ट्रातील स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ अशाच साध्यासुध्या, हसत्याखेळत्या एकत्र येण्यातून झालेला आहे.

तिळगुळाचे निमंत्रण

या इतिहासाचे पहिले पान पुण्यात लिहिले गेले. सावित्रीबाई फुले यांनी १८५२ मध्ये महिला सेवा मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या निमित्ताने, स्त्रियांचा तिळगुळ समारंभ योजला. पुण्याचे कलेक्टर ई. सी. जोन्स यांच्या पत्नी अध्यक्षस्थानी होत्या. निमंत्रणात एक गोष्ट स्पष्ट केलेली होती : कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसविले जाईल. सभा, भाषणे, ठराव हे शब्द त्या काळच्या गृहिणींना परके होते. तिळगुळ मात्र प्रत्येकीच्या ओळखीचा होता. घरातून बाहेर पडण्यास सण हे सर्वमान्य निमित्त असते. सावित्रीबाईंनी ते निमित्त हेरले आणि गोड बोलण्याच्या सणाला समतेचा अर्थ दिला.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंनी पुण्यातच आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे आणि अबोला सोसावा लागला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे प्रसंग अतिशय संयमाने सांगितले आहेत. चार मैत्रिणींत जाऊन बसण्याची किंमत त्या काळी किती होती, हे त्यावरून ध्यानी येते. न्यायमूर्ती रानडे उच्च न्यायालयात रुजू झाल्यावर मुंबईत रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब सुरू केला. तेथे शिवणकाम, विणकाम आणि सभेत बोलण्याचे शिक्षण एकाच छताखाली मिळे. हातात सुई असली म्हणजे तोंडाने मोकळेपणी बोलता येते, हे त्या क्लबाच्या चालकांनी ओळखले असावे. १९०८ मध्ये मुंबईत आणि १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाच्या कामामागे अशा बैठकींतून आलेला आत्मविश्वास होता.

जैन समाजातील तीन सखी

जैन समाजात या कार्यास तीन स्त्रियांच्या स्नेहातून चालना मिळाली. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे पुढील आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात जावयाचे. परंतु पित्याने त्यांना शिकविले. ललिताबाई आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या कन्या कंकुबाई यांची त्यांना साथ मिळाली. या तिघींच्या परिश्रमांतून १९०९ च्या सुमारास श्राविकाश्रम उभा राहिला, प्रथम अहमदाबादेस आणि पुढे मुंबईत. त्याच सुमारास दिगंबर जैन महिला परिषदेचीही स्थापना झाली. पुढे सोलापूरच्या श्राविका संस्थेत पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा यांनी स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य केले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हळदीकुंकवाच्या समारंभात विधवेला स्थान नव्हते. मंगल प्रसंगी तिने समोर येऊ नये, अशी रूढी होती. ज्या स्त्रीला आनंदाच्या पंक्तीतून उठविले गेले होते, तिला श्राविकाश्रमाने शिक्षण दिले आणि समवयस्क सोबतही दिली. एकत्र स्वाध्याय, एकत्र भोजन आणि मनातले बोलता येईल अशी एखादी सखी, या साध्या गोष्टी तिच्या दृष्टीने पुनर्जन्मासारख्या होत्या. मैत्री ही तिच्यासाठी करमणुकीची बाब नव्हती. तिच्यावर आयुष्य तरून जात असे.

उपाश्रयातील दुपार

श्वेतांबर समाजातील महिला मंडळांची घडण वेगळी असली तरी गाभा तोच आहे. गहुंली काढावी, पूजा भणवावी, तपस्वींच्या घरी संध्याकाळी सांजी गावी, पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या बहिणीला आधार द्यावा, ही मंडळाची नेहमीची कामे. ती कर्तव्यबुद्धीने होतात आणि हौसेनेही होतात. पूजेला कोणत्या रंगाची साडी नेसावयाची, यावर तासभर चर्चा रंगते. नव्या स्तवनाला चाल गरब्याची लावावी की एखाद्या जुन्या चित्रपटगीताची, यावर दोन तट पडतात. प्रभावनेत काय वाटावे, याविषयी प्रत्येकीचे मत निराळे असते. कोणी सूर वरचा धरला की सगळ्याजणी एकमेकींकडे पाहून हसू आवरतात.

या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींकडे एका परदेशी अभ्यासिकेचे लक्ष गेले. अमेरिकेच्या एम. व्हिटनी केल्टिंग यांनी पुण्याच्या शिवाजीनगर भागातील जैन महिला मंडळांमध्ये बसून त्यांच्या गायनाचा अभ्यास केला. त्यांचा ‘सिंगिंग टू द जिनाज’ हा ग्रंथ २००१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला. धर्मतत्त्वे केवळ ग्रंथांत व व्याख्यानांत नसतात. श्राविका स्तवने निवडतात, वह्यांत उतरवून घेतात, चाली बसवितात आणि लेकीसुनांना शिकवितात, तेव्हा त्याही धर्मविचार घडवीत असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या वह्या घरोघरी स्वयंपाकघराच्या फळीवर पडलेल्या असतात, त्या अशा रीतीने विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाल्या.

गच्चीवरील पापड

मैत्रीतून उद्योग कसा उभा राहतो, याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईतील गिरगावचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी तेथील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटण्यास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ऐंशी रुपये, आणि पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटे. तेच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने देशभर पोहोचले आणि हजारो भगिनींना स्वकष्टाची कमाई मिळाली. त्या गच्चीवर जे घडले ते कोकणातल्या प्रत्येक अंगणात दर उन्हाळ्यात घडत आले आहे. आज एकीच्या घरचे पापड, उद्या दुसरीच्या घरच्या कुरडया, असा हा वारा असतो. लाटणी फिरत असताना माहेरच्या आठवणी निघतात, सासरच्या तक्रारी होतात आणि त्या तक्रारी तेथेच हसण्यावारी नेल्या जातात.

महाड-बिरवाडीचा वारसा

बिरवाडी, महाड आणि पोलादपूरच्या परिसरात या विषयाला एक विशेष अर्थ आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये झालेल्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. सावित्रीबाईंनी जाजमाविषयी जे म्हटले होते, तेच महाडला पाण्याविषयी म्हटले गेले. ज्या भूमीवर हे घडले, तेथील कोणत्याही मंडळाने आपले जाजम किती रुंद आहे, हे अधूनमधून तपासून पाहणे योग्य ठरेल.

कोकणच्या बाजारपेठांत गुजरात-मारवाडकडून व्यापारानिमित्त आलेल्या कुटुंबांतील सुनांना आरंभी येथील भाषाही अपरिचित असे. दुकानामुळे पुरुषांच्या ओळखी लवकर होत. स्त्रियांना मात्र त्या विहिरीवर, नदीकाठी, देरासराच्या ओट्यावर आणि शेजारणीच्या माजघरात जोडाव्या लागल्या. गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघरी फुगड्या रंगतात आणि नवरात्रात गरब्याचे फेर धरले जातात. फुगडीत हात घट्ट धरावे लागतात आणि गरब्यात टाळीला टाळी द्यावी लागते. दोन्हींत समोरची कोण, कोठली, हे विचारण्यास सवड नसते.

या भागावर निसर्गाची अवकृपाही वेळोवेळी झाली आहे. जुलै २००५ मधील महापूर व दरडी आणि जुलै २०२१ मधील पूर व तळियेची दुर्घटना कोणीच विसरलेले नाही. अशा वेळी शासकीय मदत पोहोचेपर्यंत शेजारधर्मच उपयोगी पडतो, आणि तो आपत्तीच्या दिवशी एकाएकी निर्माण होत नाही. वर्षानुवर्षे एकत्र गाण्यातून, लाटण्यातून, थट्टामस्करीतून तो साचत गेलेला असतो.

जपून ठेवण्याजोगे धन

काळ पालटला आहे. मुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जातात, सुना नोकरी करतात, निरोप भ्रमणध्वनीवर येतात. दुपारची बैठक पूर्वीइतकी सहज जमत नाही. म्हणूनच वृद्ध श्राविकांजवळ असलेल्या स्तवनांच्या हस्तलिखित वह्या, जुनी छायाचित्रे, सहलींच्या आणि पारण्यांच्या आठवणी वेळीच संकलित होणे अगत्याचे आहे. दगडी इमारतीचा जीर्णोद्धार पुन्हा करता येतो. एकदा हरवलेली चाल पुन्हा मिळत नाही.

त्याचबरोबर मंडळाच्या प्रत्येक आनंदसोहळ्यात एकटी पडलेली भगिनी, विधवा, नव्याने गावात आलेली सून आणि परजातीची शेजारीण यांना सन्मानाने बसविले जावे, हा पूर्वसूरींचा खरा वारसा आहे. सावित्रीबाईंनी अंथरलेले आणि मगनबाई, ललिताबाई, कंकुबाई यांनी रुंदावलेले हे जाजम येथेही सदैव अंथरलेले राहो, आणि त्यावर बसणाऱ्यांचे हसणे पुढील पिढ्यांच्या कानी पडत राहो.