घरटे आधी, अंडे नंतर

डायनोसॉरची हाडे त्याच्या देहाचा आकार सांगतात. तो विणीसाठी कुठे येत असे, अंडी कशी पुरत असे, पिलांची राखण करत असे की नाही, हे मात्र अंडी आणि घरट्यांवरूनच कळते. या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे मी मनापासून स्वागत करतो, कारण त्याचे फार समृद्ध क्षेत्र आपल्या शेजारीच आहे.

नर्मदेच्या खोऱ्यात जबलपूरपासून गुजरातेतल्या बालासिनोरपर्यंत लामेटा खडकांचे तुटक पट्टे दिसतात. सह्याद्रीचा काळा पाषाण घडवणाऱ्या लाव्ह्याखाली गाडले गेलेले हे थर क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला याच थरांत डायनोसॉरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. गुजरातेतील खेडा परिसरातली अंडी 1980 च्या दशकाच्या आरंभी उजेडात आली. 2023 मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून टायटॅनोसॉर या महाकाय डायनोसॉर-गटाची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदली गेली. घरटी इतकी जवळजवळ होती, की एवढे मोठे प्राणी त्यांच्यामध्ये वावरून राखण करत असतील, असे अभ्यासकांना वाटत नाही. हा निष्कर्ष एकेका अंड्यातून निघाला नसता. त्यासाठी घरट्यांमधली अंतरे मोजावी लागली.

प्रत्येक गोल दगड म्हणजे अंडे नव्हे. चुनखडीच्या गाठीही तशाच दिसतात. कवचाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की पंख्यासारखे उलगडत गेलेले कॅल्साइटचे स्फटिक आणि त्यांमधली श्वसनछिद्रे दिसतात. छिद्रांवरून अंडी उघड्यावर होती की मातीखाली, याचा अंदाज बांधता येतो. आत भ्रूण नसेल, तर अंडे नेमके कोणत्या प्राण्याचे हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच अंड्यांच्या प्रकारांना स्वतंत्र शास्त्रीय नावे दिली जातात.

संग्रह कसा असावा, हे गुजरातेतील धोली डुंगरीचा नमुना शिकवतो. 1984 मध्ये जीवाश्म-अभ्यासक धनंजय मोहबे यांनी तिथून अंडी आणि लहान हाडे असलेला खडक मिळवला. सारी हाडे पिलाचीच असावीत, असे तेव्हा वाटले. पुढे दुसरे जीवाश्म-अभ्यासक जेफ्री विल्सन यांना त्यांत सापाचे मणके ओळखू आले. 2010 मध्ये ‘सनाजे इंडिकस’ या नावाने जगासमोर आलेला हा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता. शेजारी पिलू होते. अंडी सुटी करून कपाटात मांडली असती, तर हा प्रसंग कायमचा हरवला असता. खडक एकसंध राहिला, म्हणून अनेक वर्षांनंतर तो नव्या नजरेने वाचता आला.

म्हणून या विद्येत छिन्नीआधी वही येते. थर कोणता, अंडी किती, त्यांच्यामधले अंतर किती, फुटलेली बाजू कुठे, याचा नकाशा आणि छायाचित्रे आधी. प्लास्टर आणि गोणपाटाचे वेष्टन त्यानंतर.

वाचकहो, शेतात, खाणीत किंवा रस्त्याच्या कापात असे काही दिसले, तर ते उचलू नका. जागेची नोंद करा, छायाचित्र काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. या शास्त्रात तुमचे पहिले योगदान तेच असेल.