नदीचा राखणदार

आपल्याकडं पिकाला राखण्या असतो, तसा इंग्लंडात नदीला राखणदार असतो. हे मला साठी उलटल्यावर कळलं. लेक-जावई विल्टशायरला राहतात. त्यांच्याकडं गेलो की एव्हन नदीच्या काठानं फिरायचो. तिथंच फ्रँक सॉयरचं नाव ऐकलं. पुढचं जावयाकडून वाचून घेतलं.

एव्हनचं पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून येतं, नितळ. त्यात ट्राउट मासा. त्याचं मोठं खाणं म्हणजे मेफ्लायची पिल्लं, त्यांना निंफ म्हणतात. हा किडा महिनोन् महिने पाण्याखाली काढतो, मग वर येतो, पंख फुटतात, आणि दिवसा-दोन दिवसांत संपतो. आमच्या ओढ्यात दगड उलटला की असले शेपटीवाले किडे पळायचे. आता दगडाला नुसता बुळबुळीत गाळ.

तिकडच्या बड्या लोकांचा एक नेम होता. पिसांची खोटी माशी पाण्यावर तरंगतच ठेवायची. हॅलफर्डनं तो नेम पक्का केला. पाण्याखाली गळ सोडला म्हणजे जसा काही धर्मच बुडाला! स्क्यूज नावाच्या वकिलानं 1910 साली पुस्तक लिहून सांगितलं, की बाबांनो, मासा पाण्याखालीच जास्त खातो. त्यावरून 1938 साली लंडनच्या क्लबात जाहीर वाद झाला. वकील तेव्हा ऐंशीला टेकलेला.

सॉयर मात्र क्लबातला नव्हे. 1928 पासून तो लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी मंडळाचा राखणदार. पाणगवत कापायचं, गाळ काढायचा, आणि दिवसभर पाण्यात बघायचं. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की पोहताना निंफ पाय अंगाशी मिटून घेतो. मग खोट्या किड्याला पाय हवेत कशाला? त्यानं ते केलेच नाहीत. दोराही टाकला. केसासारखी तांब्याची तार गळावर गुंडाळून पाठीशी जरा फुगीर केली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या तांबूस पिसाचे चार तंतू घेतले. टोकं मागं शेपटी म्हणून सोडली, उरलेले तारेला पीळ देऊन अंगभर वेढले, पाठीवर मागं-पुढं दुमडले आणि तारेनंच आवळले. एकच तार बांधतेही आणि बुडवतेही. शेतकऱ्याला असली काटकसर लगेच पटते.

गळ टाकायचा माशाच्या वरच्या अंगाला. तो बुडत बुडत माशापाशी आला की काठीचं टोक हलकेच उचलायचं. निंफ वर निघाला असं माशाला वाटतं, आणि तो तोंड घालतो. हाताला काही लागत नाही. दोरी पाण्यात शिरते तिथं जरा थबकते, तेवढ्यावर ओढायचं.

म्हाताऱ्या स्क्यूजनं या राखणदाराला लिहितं केलं, हे मला फार आवडलं. 1952 साली सॉयरचं पहिलं पुस्तक आलं, निंफवरचं 1958 साली. 1980 साली तो गेला, एव्हनच्या काठावरच.