भाताच्या तीन रीती

एकाच भूमीवर आणि एकाच हवेंत राहणाऱ्या तीन समाजांपैकीं एकास रोगानें ग्रासावें आणि इतर दोघांस त्यानें बहुधा शिवूंहि नये, असें कां व्हावें? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलाया द्वीपकल्पांतील डॉक्टरांपुढें हें कोडें होतें. रोगाचें नांव बेरीबेरी. त्यांत पायांतील शक्ति जाई, अंगास सूज येई आणि शेवटीं हृदय थकून मनुष्य मरे. कथिलाच्या खाणींतील चिनी मजूर या रोगानें हजारोंनीं मेले. दक्षिण हिंदुस्थानांतून मळ्यांवर आलेल्या तामीळ मजुरांचें जिणेंहि कांहीं सुखाचें नव्हतें. परंतु ते बहुतेक सुटत. खेड्यांतील मलायी शेतकरीहि सुटत.

कोणी म्हणत, हा जमिनींतून उठणाऱ्या दूषित वाफेचा परिणाम. कोणी म्हणत, गर्दीच्या झोपड्यांतून पसरणारा हा संसर्ग आहे. आणि कोणी सगळा दोष वंशाच्या माथीं मारीत. वंशाचें कारण मोठें सोयीचें असतें. तें एकदां सांगितलें म्हणजे पुढें शोधाचे कष्ट पडत नाहींत आणि मजुरांस आपण काय खावयास घालतों, या प्रश्नाचें उत्तर देणेंहि टळतें.

डॉ. ब्रॅडन यांनीं हाच प्रश्न विचारला. 1907 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, तिघेहि तांदूळच खातात, पण तिघांच्या रीती निराळ्या आहेत. चिनी मजुरांचा तांदूळ सयामांतून येई. तो यंत्रांत सडून पांढरा शुभ्र झालेला असे. मलायी कुटुंब घरचें भात लागेल तेवढेंच कांडी, त्यामुळें दाण्यावर बराचसा कोंडा राही. तामीळ मजुरांचा तांदूळ उकडा. म्हणजे भात भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला. शिळ्या पांढऱ्या तांदळांत विष उत्पन्न होतें, हा ब्रॅडन यांचा तर्क पुढें चुकीचा ठरला. निरीक्षण मात्र खरें होतें.

त्याची कसोटी क्वालालंपूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत 1905-06 सालीं लागली. डॉ. फ्लेचर यांनीं रुग्णांस ओळीनें उभे करून एकाआड एक असे दोन गट पाडले. एका गटास सयामचा पांढरा तांदूळ, दुसऱ्यास हिंदुस्थानांतून आणलेला उकडा; बाकीचें अन्न सारखेंच. मध्यंतरीं दोन्ही गटांच्या इमारतींची अदलाबदल केली. रोग इमारतींत राहिला नाहीं. तो पांढऱ्या तांदळाच्या मागोमाग गेला. त्या गटांतील 18 जण बेरीबेरीनें दगावले. उकड्या तांदळाच्या गटांत या रोगानें एकहि मृत्यु झाला नाहीं. असा प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं. परंतु त्या 18 अभागी जीवांचें ऋण वैद्यकशास्त्रावर आहे.

वंशाची शंका उरली होती, ती फ्रेझर आणि स्टँटन यांनीं 1907 पासून केलेल्या प्रयोगांनीं फिटली. रस्त्याच्या कामावरील सुमारें 300 जावानी मजुरांच्या त्यांनीं दोन तुकड्या केल्या. वंश एक, काम एक, अरण्यहि एक. पण जी तुकडी पांढरा तांदूळ खाई, तींतच बेरीबेरी उद्भवे. दोष तांदळांत असलेल्या कशाचा नव्हता, त्यांतून काढून टाकलेल्या कोंड्याचा होता. कोंड्यांतील तें द्रव्य जान्सेन आणि डोनाथ यांनीं 1926 सालीं जावांत शुद्ध रूपांत वेगळें केलें. त्यासच आज आपण 'ब-1' जीवनसत्त्व म्हणतों. भात भिजवून वाफविलें असतां हें द्रव्य वरच्या थरांतून दाण्याच्या आंत मुरतें आणि मागाहून तांदूळ सडला तरी बरेंच शिल्लक राहतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. तामीळ देशीं भात उकडीत, तें जीवनसत्त्वासाठीं नव्हे. उकडल्यानें टरफल सहज सुटतें, कणी कमी पडते आणि धान्य टिकतें. मलायी गृहिणी कांडी, कारण मुसळ हेंच तिचें यंत्र. चिनी मजुरानें तरी पांढरा तांदूळ पारखून थोडाच घेतला होता? ठेकेदार देई तो त्यानें खाल्ला. तिघांपैकीं कोणीहि शहाणपणानें वा मूर्खपणानें आपली रीति निवडली नव्हती. शेत, गिरणी आणि व्यापार यांनीं ती त्यांच्या ताटांत वाढली होती.

आमच्या कोंकणांत आणि गोव्यांत उकड्या तांदळाचा भात व पेज अजून आहे. परंतु पाहुणा आला म्हणजे पांढरा तांदूळ शिजतो आणि उकडा हा गरिबांचा, जाडाभरडा मानला जातो. म्हणून जुनें तें सारें सोनें, असें आम्ही म्हणत नाहीं. घातक रूढीहि जुन्याच असतात. रूढि कां पडली हें एक आणि ती शरीरास काय करते हें दुसरें. या दुसऱ्या गोष्टीची परीक्षा प्रत्येक रूढीस द्यावीच लागेल. मात्र कोणत्याहि समाजाच्या प्रकृतीविषयीं निवाडा देण्यापूर्वीं त्याच्या ताटांत काय आहे, आणि तें ताट वाढलें कोणीं, एवढें पाहावें, इतकेंच आमचें मागणें आहे.