बिडाचे तुटके भाग: वेल्डिंगने जोडण्यापूर्वी

ओतीव लोखंडाला आपल्याकडे 'बीड' म्हणतात. चरकाची चौकट, पंपाचे आवरण, शिलाई मशीनचा पाय, जुन्या छापखान्यातील ट्रेडल मशीन, घरातला जड तवा, हे सगळे बहुधा बिडाचे असते. बेळगावला बिडाची ओळख नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली, त्याआधी त्यांचा उद्योग बेळगावातच सुरू झाला होता. उद्यमबागेत आजही फाउंड्री चालतात.

गुऱ्हाळ ऐन भरात असताना चरकाची चौकट तडकली, तर तोडलेला ऊस पडून राहतो आणि उतारा घटतो. मग धावपळ करून साध्या रॉडने जोड मारून घेतला जातो. आमच्या ओळखीच्या एका गुऱ्हाळावर असेच झाले. दुसऱ्या दिवशी चौकट जोडावर नव्हे, तर जोडाला लागून पुन्हा तडकली. असे का होते आणि काय करावे, याची माहिती येथे दिली आहे.

बीड का तडकते?

साध्या पोलादात कार्बन सुमारे ०.२ टक्के असतो, तर बिडात साधारण २.५ ते ४ टक्के. नेहमीच्या करड्या बिडात हा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात राहतो. त्यामुळे बीड दाब चांगला सोसते, पण ताण पडला की न वाकता तुटते. वेल्डिंगची जागा झपाट्याने थंड झाली, तर जोडालगतचे बीड काचेसारखे कडक व ठिसूळ होते. त्यात ड्रिलही शिरत नाही. निवताना जोड आकसतो आणि शेजारचा कडक भाग ओढला जाऊन तडकतो.

आधी धातू ओळखा

ग्राइंडर लावून ठिणग्या पाहाव्यात. पोलादाच्या ठिणग्या लांब व पिवळसर, तर बिडाच्या आखूड व तांबूस असतात. छिन्नीने तासल्यास पोलादाची साल वळते, बिडाचा चुरा होतो.

सफाई हेच अर्धे काम

जुन्या यंत्राचे बीड वर्षानुवर्षे तेल आणि ग्रीस पिते. वरून पुसले तरी उष्णता लागताच आतले तेल बाहेर येते आणि जोडात बुडबुड्यांची भोके पडतात. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. रंग, गंज आणि ओतकामाची वरची कातडी काढून चकचकीत धातू उघडा करावा.
२. सोडा किंवा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवावे. क्लोरीनयुक्त द्रावण वापरू नये. वेल्डिंगच्या झोतात त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.
३. भाग हळूहळू तापवून मुरलेले तेल जाळावे. धूर थांबेपर्यंत घाई करू नये.
४. तड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तड्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच काढावी.

भाग पोकळ व सर्व बाजूंनी बंद असेल, तर तापवण्याआधी हवा जाण्यास वाट ठेवावी. नाहीतर तो फुटू शकतो.

जोडण्याच्या तीन रीती

गरम रीत: संपूर्ण भाग साधारण २६० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत सारखा तापवून जोडणे. एकच कोपरा तापवला तर ताण वाढतो.

थंड रीत: निकेलचा रॉड वापरून एका वेळी जेमतेम इंचभर जोड घालायचा, लगेच हलक्या हातोडीने ठोकायचा, आणि हात लावता येईल इतके निवल्यावरच पुढचा जोड. निकेलचा रॉड महाग असतो, पण त्याचा जोड मऊ राहतो व नंतर तासता येतो.

पितळी जोड, म्हणजे ब्रेझिंग: यात बीड वितळत नाही, पितळी रॉड वितळून पकड घेतो. तडकण्याचा धोका कमी. मात्र चुलीजवळच्या भागाला ही रीत चालत नाही, कारण जास्त उष्णतेत पितळाची ताकद जाते. पितळातल्या जस्ताचा धूर अपायकारक असल्याने काम मोकळ्या हवेत करावे.

निवणे

गरम रीतीने जोडलेला भाग कोरड्या राखेत, वाळूत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यावा. कोणत्याही रीतीत जोडावर पाणी मारू नये.

कोठे वेल्डिंग करू नये?

चुलाणाच्या जाळीसारखे भाग वर्षानुवर्षे तापून आतपर्यंत जळलेले असतात. त्यांवर जोड धरत नाही, ते बदलावेत. वेगाने फिरणारे फ्लायव्हील व पुली, वजन उचलणारे भाग आणि वाफेचा किंवा हवेचा दाब सोसणारी भांडी यांवर डागडुजी करू नये. तेथे जोड सुटला तर माणूस जखमी होतो. इंजिन ब्लॉकचा तडा न तापवता धातूच्या खुंट्यांनी शिवण्याची 'मेटल स्टिचिंग' ही पद्धत आहे, तिची चौकशी करावी.

काम देताना वेल्डरला तीनच प्रश्न विचारावेत: तेल कसे काढणार, कोणता रॉड वापरणार आणि निवायला किती वेळ देणार? तिसऱ्याचे उत्तर 'तासाभरात घेऊन जा' असे आले, तर भाग उचलून दुसरीकडे न्यावा. एक दिवस गाळप थांबले तरी परवडते, जोडलेली चौकट दुसऱ्यांदा तुटलेली परवडत नाही.